निम्म्या अंगाची नागीण

"नागीण अंगावर हाय तवर सुई टोचून घ्यायची न्हाय, सुईनं ती चाळवती."

गेरूची वाटी खाली ठेवता ठेवता केरबा खाडे हे सांगायचा. आवाज चढवायचा नाही. समोर उघड्या अंगाने पाटावर बसलेला माणूस, त्याच्या बरगडीवर पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ओल्या गेरूच्या उभ्या रेघा. गेरू सुकताना कातडी ताणते. त्या ताणाला माणूस गुण समजतो. कसबा बावड्यात हे वाक्य आधी केरबाच्या बापाचं होतं. बाप गेल्यावर ते केरबाकडे आलं, जसं घर आलं, जशी परसातली चिंच आली.

केरबाने चौतीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत काढली. वाळूचा साचा तयार झाला की त्याला आतून ब्रशने काळा लेप द्यावा लागतो, नाहीतर ओतलेल्या लोखंडाला वाळू धरते. ते काम त्याचं होतं. लेपात ब्रशचा एक केस राहिला तरी मालावर ओरखडा उठतो. केरबाच्या हातून असा माल परत आला नाही. आठवडाभर काळ्यात बुडालेला तो हात रविवारी सकाळी गेरूत बुडायचा. लोक म्हणायचे, विद्या बापाची आणि हात फौंड्रीचा.

रविवारी दारात चपला असायच्या. भुदरगडकडून, शिरोळकडून, कधी सीमेपलीकडून माणसं यायची. केरबा पैसा घ्यायचा नाही. ज्याच्या अंगाला गेरू लावला त्याच्या घरचं पाणीसुद्धा वर्षभर प्यायचा नाही, हा बापाने घालून दिलेला नियम. एकदा एका सोयऱ्याच्या लग्नात तो मांडवातून उपाशी परत आला, कारण नवरीच्या चुलत्याला त्याने भाद्रपदात रेघ ओढली होती. अशा माणसाचं बोलणं लोक मानतात. जो चहा घेत नाही तो खोटं कशाला सांगेल? म्हणून रेघ चालू असते ते तीन रविवार सुई नाही म्हटलं की नाही.

आणि तो खोटं सांगत नव्हता. अवघड आहे ते तेवढंच.

नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकत्र आलं की माणूस संपला, असं सगळा मुलूख मानतो. केरबाने रेघ ओढली की ती थांबायची. एक्केचाळीस वर्षांत एकही नागीण त्याची रेघ ओलांडून पलीकडे गेली नाही. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. पण पाटावरचा माणूस उठून सदरा घालत असताना तो त्या रेघेकडे एकदा बघायचा. तेवढाच त्याचा मोबदला.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर शेजारची विठाबाई त्याच्या पाटावर येऊन बसली. गुंडू पाटलाची बायको. गुंडू जाऊन नऊ वर्षं झाली. दारात दोन म्हशी, वय अडुसष्ट, आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. केरबाच्या घरात तीस वर्षं तिच्याच म्हशींचं दूध होतं. त्या दिवशी तिने पदर डोक्यावरून मागे ढकलून दोन्ही हातांनी धरला होता, कारण पदराची कडसुद्धा कपाळाला सोसत नव्हती. उजव्या भुवईपासून केसांत शिरलेले फोड. एक नाकाच्या शेंड्यावर.

"भावजी, आग पडलीया नुसती," ती म्हणाली. "वडा रेघ, नि करा मोकळं. धारा काढायच्या ऱ्हायल्यात."

केरबाने वाटी उचलली आणि थांबला. बापाने कपाळावर रेघ ओढलेली त्याला आठवत नव्हती. पाठ, छाती, कंबर, एकदा मांडी. डोळ्याच्या एवढं जवळ कधी नाही. "वैनी, ह्ये जरा वरच्या अंगाला हाय," एवढं तो म्हणाला.

दारात तिचा मुलगा कृष्णात उभा होता. दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तो म्हणाला, "काका, दवाखान्यात न्यू का? डोळा लाल दिसतोय."

त्या वेळी केरबाने न्या म्हणायला हवं होतं. मनातून त्याला ते म्हणायचंही होतं. पण विठाबाई त्याच्या आधी मुलावर खेकसली, "गप रं, भावजींच्या दारात हुबा ऱ्हाऊन दवाखाना काढतोस," आणि पाटावर बसलेल्या बाईचा तो विश्वास, पाठीमागची चार माणसं, बापाचा फोटो, असं सगळं एकदम त्याच्याकडे बघू लागलं. त्याने केसांच्या भांगापासून नाकापर्यंत सरळ रेघ ओढली. आणि वाक्य सांगितलं.

केरबाची सून स्वप्नाली राजारामपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मुलगा विश्वजित पुण्याला, आठवड्याला येतो. स्वप्नालीला हे कळलं ते पाचव्या दिवशी, म्हशींना पाणी पाजताना विठाबाई भिंतीला टेकून उभी दिसली तेव्हा. ती तशीच आत गेली, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणाली. विठाबाई हलली नाही. अजून दोन रविवार आहेत. स्वप्नाली सासऱ्याकडे आली. "मामा, तुम्ही म्हणा. तुमचं ऐकतील."

केरबा म्हणाला, "रविवार हुंदे."

तिसरा रविवार झाला. फोड सुकले, रेघेच्या अलीकडेच सुकले. उजव्या डोळ्यावर साय आल्यासारखं झालं आणि ते गेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, पहिल्या तीन दिवसांत आणलं असतं तर औषध होतं. हे कृष्णातने केरबाच्या दारात उभं राहून त्याला सांगितलं. हातात टेम्पोची किल्ली होती, ती तो बोटात फिरवत होता. त्याने शिवी दिली नाही. किल्ली फिरवत गेला.

शिवी विठाबाईनेही दिली नाही. उलट डेअरीवर, वाण्याकडे, नळावर ती ज्याला त्याला सांगायची, "भावजी व्हते म्हणून डोळ्यावर भागलं. न्हायतर मेंदूत शिरली असती." आणि केरबा तिथून जात असला तर मुद्दाम मोठ्याने. ती वर्षाचा नियमही त्याच्यापेक्षा कडक पाळू लागली. दुधाचा रतीब बंद केला. "विद्येचा मान ऱ्हायला पायजे." केरबाच्या घरी पिशवीचं दूध येऊ लागलं.

सकाळी तो कट्ट्यावर बसायचा, आणि समोर तिची धार काढायची वेळ व्हायची. एका डोळ्याने अंतर कळत नाही. ती चरवी गुडघ्यात धरायची, सड ओढायची, आणि पहिली धार चरवीच्या बाहेर, वीतभर अलीकडे, शेणात पडायची. मग ती चरवी सरकवायची. रोज एक धार शेणात. ती म्हशीलाच बोलायची, "सरळ हुबी ऱ्हा की गं." केरबा उठून आत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

जानेवारीत एकदा स्वप्नाली भाकरी थापत असताना तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"एक सांग," तो म्हणाला. "माझी रेघ वलांडून एकबी गेली न्हाय. एक्केचाळीस वर्सं. ह्ये कसं?"

तिने हात थांबवला नाही. बहुधा हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं.

"मामा, लहानपणी कांजिण्या येऊन जातात ना, तो विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसेत पडून राहतो. वय झालं, साखर वाढली, अंगातली ताकद कमी झाली, की त्या एका नसेतून वर येतो. आणि नस निम्म्या अंगाचीच असते. मणक्यातून निघते, पोटाच्या मध्यापर्यंत येते, संपते."

"म्हंजे?"

"पलीकडं ती जातच नाही. सहसा नाहीच."

"मी न वडता बी?"

तव्यावर भाकरी फुगली होती. ती तिने उलटली. "व्हय," ती म्हणाली.

ज्या वाटेने कुणी येणारच नव्हतं, त्या वाटेवर केरबा एक्केचाळीस वर्षं पहारा देत होता. आणि जिकडून खरोखर काही आत शिरत होतं, तिकडे त्याची पाठ होती.

मग स्वप्नालीने लसीचं सांगितलं. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लस निघाली आहे, दोन डोस, मध्ये दोन महिने. अगदीच येणार नाही अशी हमी कुणी देत नाही, पण पुष्कळ टळतं. एकदा येऊन गेलेल्यांनीही बरं झाल्यावर घ्यावी. महाग आहे, पण विश्वजित देतो म्हणालाय. "तुम्हाला साखर आहे, मामा. घ्याच."

"मला काय करायची," केरबा म्हणाला.

तीन आठवड्यांनी त्यानेच विचारलं, लसीची सुई केवढी असते. त्या तीन आठवड्यांत काय झालं होतं? काही नाही. वारं लागलं की विठाबाई कपाळ धरून खाली बसते, हे त्याने पाहिलं होतं. फोड जाऊन तीन महिने झाले तरी आग गेली नव्हती. ती बसायची तेव्हा तोंडातून आवाज यायचा नाही, आणि तिच्यासारख्या बाईच्या तोंडून आवाज न येणं त्याला बघवत नव्हतं. तो घाबरला. समज आली म्हणून नव्हे, भीतीने त्याने लस घेतली. स्वतःच्या रेघेवर त्याचा तेवढा विश्वास असता तर तो रेघेच्या भरवशावर राहिला असता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी स्वप्नालीने दवाखान्यात त्याला पहिला डोस दिला. बाहेर पडताना ती म्हणाली, "विठाकाकूंनापण सांगायला पाहिजे. मी सांगू?"

"मी सांगतो," केरबा म्हणाला. "तू नगं सांगू."

त्याने सांगितलं नाही. सून शब्दाला पक्की, तिने तोंड उघडलं नाही. अशा रीतीने ती लस त्याच्या घरापर्यंत येऊन अडली, आणि अडवणारा तोच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दंड लाकडासारखा झाला होता, अंगात कणकण. दारात हुपरीचा एक चांदीचा कारागीर बसून होता. पैंजणांची साखळी ओढून ओढून बोटं काळी पडलेला. पाठीवर पट्टा. केरबाचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्याने डाव्या हाताने रेघ ओढली. ती वाकडी गेली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा वाकडी. वाक्य मात्र त्याने सांगितलं नाही.

कारागिरानेच विचारलं, "सुई वर्ज्य न्हवं?"

"तुमची मर्जी."

"माझी मर्जी कशी पावणं? दोन यष्ट्या बदलून आलोय. तुमी सांगायचं."

"दवाखान्यात दाखवा," केरबा म्हणाला. "आजच दाखवा."

कारागीर सदरा घालता घालता थांबला. "दवाखान्यातच जायचं तर मग रेघ कशाला वडलासा?"

केरबाने वाटी उचलून आत नेली. पुढच्या रविवारी त्याने दाराला कडी घातली. आलेल्या माणसांना म्हणाला, हात कापतोय, आता व्हायचं न्हाय. लोक हळहळले. एकाहत्तरी झाली, कापणारच. त्याचा हात कापत नव्हता. विद्या खोटी होती हे सांगण्यापेक्षा हात म्हातारा झाला हे सांगणं सोपं गेलं.

एप्रिलमध्ये दुसरा डोस. सकाळी दहाचा सुमार. ऊन होतं म्हणून टॉवेल डोक्यावर, आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो जरा पुढे ओढलेला. दवाखान्याच्या पायऱ्या चढून तो आत गेला आणि बाकावर विठाबाई बसलेली होती. शेजारी कृष्णात.

"अगं बया, भावजी," ती म्हणाली. "माझ्यापायी आलासा व्हय एवढ्या उनाचं? कुणी सांगितलं तुमास्नी?" आणि तिने बाकावर सरकून जागा केली.

केरबा बसला. टॉवेल काढून मांडीवर घेतला.

"बरं झालं आलासा. आता तुमीच सांगा ह्यास्नी. आग थांबंना म्हणून डाक्टरकडं आणलं ह्येनं. गोळ्या दिल्या, त्या घेतो मी. पर डाक्टर म्हंतोय परत यायला नगं म्हणून सुई घ्या. मी म्हटलं, आमच्या भावजींनी सुई वर्ज्य सांगितलीया. तर ह्यो कृष्णात माझ्यावरच गुरगुरतोय."

"तीन रविवार कवाच झालं, आये," कृष्णात म्हणाला. मग केरबाकडे न बघता, "सांगा की काका. आमी सांगून दमलो. तुमच्या शब्दाभायर आई न्हाय. एक डोळा गेला तरी न्हाय."

"गप रं. मोठ्या माणसाला बोलू ने."

आतल्या दारात स्वप्नाली येऊन उभी होती. तिच्या हातात फाइल होती, वर केरबाचं नाव. तिने ती छातीशी उलटी धरली. तिने सासऱ्याकडे पाहिलं, विठाबाईकडे पाहिलं. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या. यांचं होऊ दे आधी."

दार उघडं होतं. खाली चहाची गाडी होती. अर्ध्या तासाने परत आला असता तर बाक रिकामा असता. सुनेने ती वाट त्याला इज्जतीने काढून दिली होती, आणि दोन महिन्यांपूर्वी तो त्याच वाटेने गेलाही असता.

विठाबाई म्हणत होती, "चा कशाला, आधी सांगूनशान जाऊ द्या त्यास्नी. सांगा भावजी, सुईनं चाळवती का न्हाय?"

केरबा उठला. आतल्या खोलीत गेला. भिंतीशी एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसला आणि डाव्या बाहीची बटणं काढू लागला. स्वप्नालीने पडद्याला हात घातला.

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे उघडा."

बाकावरून ते स्टूल विठाबाईच्या उजव्या अंगाला येत होतं. तिला सगळी मान वळवावी लागली. तिने ती वळवली. स्वप्नालीने बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये ओढलं, कापसाने दंड पुसला. तिची बोटं गार होती. सवयीने ती बोलून गेली, "पहिल्या डोसला ताप आलता ना, मामा? ह्या वेळी पण येईल एखाद दिवस."

सुई आत गेली.

"कशाची सुई?" बाहेरून विठाबाईने विचारलं.

स्वप्नालीने सासऱ्याकडे पाहिलं, मग तिनेच सांगितलं. "नागिणीची लस आहे, काकू. तुम्हाला सांगितलीय तीच."

"आन् पयला कवा?"

"फेब्रुवारीत."

विठाबाई महिने म्हशींवरून मोजते, ते मोजायला तिला वेळ लागला असावा. कृष्णातच्या बोटांतली किल्ली थांबली होती.

"फेब्रुवारीत माझी म्हस व्याली," ती सावकाश म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "रविवार व्हता. खरवस घिऊन तुमच्या दारात आलतो मी. नेम मोडतोय म्हणून भीत भीतच आलतो, पर म्हटलं पयला चीक हाय, इचारावं. तुमी म्हटलासा, वैनी, अजून वरीस व्हायचं हाय. तवा घोंगडं पांघरून बसला व्हतासा. मी म्हटलं थंडी वाजती वाटतं."

केरबा स्टुलावर बसून होता. दंडावर कापूस, कापसावर दुसऱ्या हाताचं बोट. त्याला आठवत होतं. खरवसाचं ताट, त्यावर घातलेली वेलची, आणि ताट उचलून परत जाताना उंबऱ्याचा अंदाज चुकून तिचा पाय अडखळलेला. तो नियमाच्या आड बसला होता. घोंगड्याखाली दंड ठणकत होता.

"आये," कृष्णात म्हणाला, "चल घरला. नगं काय."

"थांब."

ती उठली. पदर सावरून आत आली, केरबाच्या समोर उभी राहिली. एवढ्या जवळून त्याने तो डोळा, त्यावर साय आल्यापासून, पाहिला नव्हता. तिच्या कपाळावर फोडांच्या खुणा होत्या, बारीक, पांढऱ्या, आणि बरोबर मध्यावर थांबलेल्या.

"उठा," ती म्हणाली. "मला बसायचं हाय."

केरबा उठला.

"तुमच्या शब्दावर बसत न्हाय मी. तुमच्या दंडाकडं बघून बसतोय." आणि मग स्वप्नालीला, नेहमीच्या चढ्या आवाजात, "टोच गं पोरी. ऱ्हायला हाय तेवढा तरी डोळा ऱ्हाऊ दे."

तिने स्टूल धरायला हात पुढे केला. हात वीतभर अलीकडे, हवेत पडला. केरबाने वाकून स्टूल तिच्या हाताखाली सरकवलं आणि ती टेकेपर्यंत घट्ट धरून ठेवलं. ती बसली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आता तिच्या उजव्या अंगाला होता.

"मामा, पंधरा मिनिटं बसायचं असतं इथं," स्वप्नाली म्हणाली. "लगेच जायचं नसतं."

टॉवेल बाकावर पडला होता. केरबाने तो उचलला, घडी करून खांद्यावर टाकला, डोक्यावर घेतला नाही. कृष्णातने पाय मागे घेऊन त्याला वाट दिली. दंडावरचा कापूस बोटाने दाबून धरत केरबा त्याच्यासमोरून गेला, आणि पायऱ्या उतरून उन्हात बाहेर पडला.